मूत्रमार्गाच्या मेलानोमात जगण्याचे आकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आजार इतका विरळा आहे की बहुतेक डॉक्टरांना अख्ख्या कारकिर्दीत त्याचा एखादाच रुग्ण दिसतो, काहींना तोही नाही. त्यामुळे रिपोर्ट हाती आला की घरचे मोबाइलवर शोधायला बसतात आणि सगळ्यात आधी सापडतो तो पाच वर्षांचा टक्का. तो टक्का कुठून आला, कुणाचा आहे आणि आज कितपत लागू पडतो, याबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उपचार ठरवायचे ते रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र इथून घेता येईल.

मेलानोमा तर त्वचेचा कॅन्सर ना? मग लघवीच्या वाटेत कुठून आला?

मेलानोमा हा रंगद्रव्य बनवणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा कॅन्सर. या पेशी गर्भावस्थेत मज्जासंस्थेलगत तयार होतात आणि तिथून शरीरभर पांगतात. बहुतेक त्वचेत जातात, काही डोळ्यात, आणि थोड्या नाक, तोंड, गुदद्वार, योनी, मूत्रमार्ग (मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी) यांच्या आतल्या ओल्या अस्तरात. या अस्तरातून उद्भवणाऱ्या मेलानोमाला म्यूकोझल मेलानोमा म्हणतात. मूत्रमार्गाचा आणि मूत्राशयाचा मेलानोमा याच गटात मोडतो.

याचा उन्हाशी संबंध नाही. पाणी कमी पिणं, लघवी रोखून धरणं, वारंवार होणारा संसर्ग यांपैकी कशामुळेही तो होतो असं दिसलेलं नाही. म्हणजे रुग्णाने काही चुकीचं केलं म्हणून हे झालं, असा हिशेब मांडायला इथे जागा नाही.

नेमका कुठे होतो आणि कुणाला?

बहुतेक वेळा मूत्रमार्गात, तोही बाहेरच्या तोंडाजवळ. पुरुषांपेक्षा स्त्रियांत बराच जास्त, आणि साधारणपणे साठीनंतर. मूत्राशयातून सुरू झालेला मेलानोमा त्याहून दुर्मीळ. मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) किंवा मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीतून सुरू झालेले तर अगदी मोजके.

पाच वर्षं जगण्याचं प्रमाण किती?

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा २५ टक्के. तो येतो अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर डेटाबेसवरच्या एका अभ्यासातून. १९८५ ते १९९४ या काळातल्या ८४,८३६ मेलानोमा रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या आणि तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण त्वचेच्या मेलानोमात ८०.८ टक्के, डोळ्याच्या मेलानोमात ७४.६ टक्के आणि म्यूकोझल मेलानोमात २५ टक्के आढळलं.

आता याच अभ्यासातले दुसरे आकडे बघा, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. एकूण रुग्णांत म्यूकोझल मेलानोमा फक्त १.३ टक्के. त्यातले निम्म्याहून जास्त, ५५.४ टक्के, डोकं आणि मानेच्या भागातले, म्हणजे नाक-तोंडातले. गुदद्वार-गुदाशयातले २३.८ टक्के, स्त्रियांच्या जननमार्गातले १८ टक्के आणि मूत्रसंस्थेतले २.८ टक्के. गुणाकार केला तर दहा वर्षांत, एवढ्या मोठ्या देशातल्या या नोंदींत, मूत्रसंस्थेचे रुग्ण निघतात तिसाच्या आसपास.

म्हणजे ‘मूत्रमार्गाच्या मेलानोमात २५ टक्के’ असं वाक्य कुठे वाचलंत, तर तो आकडा मुख्यतः नाकातल्या आणि तोंडातल्या मेलानोमाचा आहे हे लक्षात ठेवा. शिवाय तो इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर चेतवणारी औषधं) येण्याच्या कितीतरी आधीच्या रुग्णांचा आहे.

मग फक्त मूत्रमार्गाचा खरा आकडा कोणता?

एकच पक्का आकडा असा नाही, आणि कुणी ठामपणे सांगितला तर तो किती रुग्णांवरून काढला हे आधी विचारावं. मूत्रमार्गाच्या मेलानोमावरचं बरंचसं लिखाण एकेका रुग्णाच्या वर्णनाचं किंवा दहा-बारा जणांच्या गटाचं आहे. अकरा रुग्णांच्या गटात एक जण जास्त जगला तर टक्का नऊने वर जातो. अशा छोट्या गटांतून जे चित्र दिसतं ते गंभीरच आहे: बहुतेक गटांत निम्म्याहून कमी रुग्ण तीन वर्षांचा टप्पा ओलांडतात आणि आजार परत आला तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच येतो. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

आणखी एक खोच आहे. एकेका रुग्णाचं वर्णन छापलं जातं तेव्हा ते बऱ्याचदा ऑपरेशननंतर काही महिन्यांतच छापलं जातं. ‘रुग्ण आठ महिन्यांनंतर आजारमुक्त’ असं त्यात वाचायला मिळतं, पुढे काय झालं ते कळत नाही. अशी वर्णनं वाचून फार हुरळून जाऊ नये. आणि जुन्या गटांचे टक्के वाचून हातपायही गाळू नयेत.

‘मेडियन सर्व्हायव्हल दोन वर्षं’ म्हणजे रुग्ण दोनच वर्षं जगणार का?

नाही. समजा एखाद्या अभ्यासात मेडियन दोन वर्षं आहे. याचा अर्थ त्या गटातले निम्मे रुग्ण दोन वर्षांच्या आत गेले आणि निम्मे त्याहून जास्त जगले. त्या दुसऱ्या निम्म्यांत कुणी अडीच वर्षं, कुणी सहा, कुणी बारा वर्षं जगलेलं असू शकतं, आणि मेडियनमध्ये त्यातलं काहीच दिसत नाही. आजार लवकर सापडलेला रुग्ण आणि यकृतापर्यंत पसरलेला रुग्ण हे दोघं त्याच एका गटात मोजलेले असतात.

टक्का वाचताना आणखी एक फरक बघावा. ‘एकूण सर्व्हायव्हल’मध्ये कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू मोजतात. ‘कॅन्सरमुळे झालेले मृत्यू’ वेगळे मोजले तर आकडा बदलतो. या आजाराचे रुग्ण बहुधा सत्तरीच्या आसपासचे असतात आणि हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात हे सगळं त्या वयात असतंच. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या आणि पन्नाशीच्या माणसाच्या एकूण सर्व्हायव्हलची तुलना करून काही हाती लागत नाही.

त्वचेच्या मेलानोमापेक्षा हा इतका वाईट का?

दोन कारणं ढोबळ आहेत आणि एक सूक्ष्म.

पहिलं, जागा. पाठीवरचा तीळ बदलला तर घरातलं कुणीतरी बघतं. मूत्रमार्गात कुणी बघत नाही. दुसरं, तिथल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं आणि लसिकावाहिन्यांचं (लसिका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांचं) दाट जाळं आहे, त्यामुळे पेशी लवकर बाहेर पडतात. फुप्फुस, यकृत, हाडं आणि मेंदू या त्यांच्या नेहमीच्या जागा.

तिसरं कारण जनुकांतलं. त्वचेच्या मेलानोमात उन्हामुळे डीएनएमध्ये हजारो बिघाड झालेले असतात. त्यातून चमत्कारिक प्रथिनं तयार होतात आणि प्रतिकारशक्तीला कॅन्सर ‘परका’ म्हणून ओळखता येतो. म्यूकोझल मेलानोमात असे बिघाड फार कमी असतात, त्यामुळे इम्युनोथेरपीला पकड मिळायला कठीण जातं. शिवाय त्वचेच्या मेलानोमात जवळपास निम्म्या रुग्णांत सापडणारा बीआरएएफ जनुकातला बदल इथे क्वचितच सापडतो, म्हणून त्यावरच्या गोळ्या बहुतेकांना उपयोगाच्या नसतात.

निदानाला इतका उशीर का होतो?

कारण सुरुवातीला तो दुसऱ्याच कशासारखा दिसतो. पॅडवर किंवा अंतर्वस्त्रावर रक्ताचा बारीक डाग, लघवीला जळजळ, धार फाकणं किंवा बारीक होणं, पुसताना हाताला लागणारी मऊ गाठ. पाळी थांबून पंधरा वर्षं झालेल्या बाईला असा डाग दिसला की पहिला संशय गर्भाशयावर जातो, दुसरा संसर्गावर. मग अँटिबायोटिकचा कोर्स होतो, थोडं बरं वाटतं, पुन्हा डाग दिसतो.

तपासणीत मूत्रमार्गाच्या तोंडाशी लालसर मांस दिसलं तर ते ‘कॅरंकल’ असेल असा अंदाज केला जातो. हा वयस्क स्त्रियांत नेहमी आढळणारा निरुपद्रवी फुगवटा आहे, त्यामुळे अंदाज वावगा नसतो. पण मलम लावूनही गाठ कमी होत नसेल, वाढत असेल, सतत रक्त येत असेल किंवा काळपट, तपकिरी, जांभळट दिसत असेल, तर तुकडा तपासायला पाठवायलाच हवा. आणि गाठ काळी नाही म्हणून निश्चिंत राहू नये. सुमारे पाचातल्या एका रुग्णात ती गुलाबी किंवा मांसाच्या रंगाचीच असते.

आमच्या मते या आजारात सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथेच. ऑपरेशन कोणतं करावं यावर तज्ज्ञांचे वाद रंगतात, पण त्याआधीचे सहा-आठ महिने मलमात आणि अँटिबायोटिकमध्ये गेलेले असतात.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये काय बघायचं?

बायोप्सीत मेलानोमा ओळखण्यासाठी काही खास रंगचाचण्या करतात. एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५ आणि मेलान-ए यांच्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ आणि सायटोकेरॅटिनपुढे ‘निगेटिव्ह’ असं लिहिलेलं असेल तर निदानाला चांगला आधार आहे. रंगद्रव्य नसलेला मेलानोमा साध्या सूक्ष्मदर्शक तपासणीत मूत्राशयाच्या नेहमीच्या कॅन्सरसारखा किंवा सार्कोमासारखा (स्नायू, चरबी अशा ऊतींच्या कॅन्सरसारखा) वाटू शकतो, म्हणून या चाचण्या टाळता येत नाहीत.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: गाठीची जाडी मिलिमीटरमध्ये, कडा स्वच्छ आहेत का, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरकाव आहे का, आणि काढलेल्या लिम्फ नोडपैकी (लसिकावाहिन्यांवरच्या छोट्या ग्रंथींपैकी) किती बाधित. यातलं काही लिहिलेलंच नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून मागून घ्यावं. स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) दुसऱ्या, मेलानोमा नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवणं यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. दुर्मीळ आजारात ती रीतच आहे.

स्टेज कोणती हे कुणी नीट सांगत नाही. का?

कारण मूत्रमार्गाच्या मेलानोमासाठी स्वतंत्र, सर्वमान्य स्टेजिंगच नाही. कुणी मूत्रमार्गाच्या कॅन्सरची पद्धत वापरतं, कुणी त्वचेच्या मेलानोमाची, कुणी फक्त ‘जागेपुरता, लिम्फ नोडपर्यंत, दूर पसरलेला’ एवढंच सांगतं. नाक-तोंडातल्या म्यूकोझल मेलानोमाच्या स्टेजिंगमध्ये तर सर्वांत लहान गाठसुद्धा टी-३ (गाठ किती वाढली आहे याची वरची पायरी) पासूनच मोजतात, आजार मुळातच आक्रमक मानला जातो म्हणून. तेव्हा दोन डॉक्टरांनी दोन स्टेज सांगितल्या तर लगेच कुणीतरी चुकलं असं समजू नये. वरच्या साध्या तीन पायऱ्यांपैकी आपला रुग्ण कुठे आहे, हे विचारलं की पुरतं.

मूत्राशयात मेलानोमा सापडला. तो तिथलाच की दुसरीकडून आलेला?

हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण त्वचेवरून मूत्राशयात पसरलेला मेलानोमा मूत्राशयातच सुरू झालेल्यापेक्षा जास्त वेळा सापडतो. १९७६ मध्ये सुचवलेले निकष आजही वापरतात: पूर्वी त्वचेचा मेलानोमा झालेला नसावा, आपोआप विरून गेलेल्या डागाची खूण नसावी, दुसऱ्या अवयवात मूळ गाठ नसावी, पुढे आजार ज्या प्रकारे पसरतो तो मूत्राशयाच्या मूळ गाठीशी जुळावा, आणि गाठीच्या कडेच्या अस्तरात बिघडलेल्या मेलानोसाइट दिसाव्यात. म्हणून डोक्याच्या केसांपासून पायाच्या तळव्यांपर्यंत त्वचा, डोळे, नाक-घसा, गुदद्वार आणि स्त्रियांत योनिमार्ग तपासतात, आणि पेट-सीटी (कॅन्सर शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारं स्कॅन) करतात. वीस वर्षांपूर्वी ‘साधा तीळ’ म्हणून काढलेलं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. लोक नेमकं तेच विसरतात.

ऑपरेशन जितकं मोठं, तितकं आयुष्य जास्त का?

असं सिद्ध झालेलं नाही. सगळी गाठ स्वच्छ कडांसह निघणं महत्त्वाचं, यावर एकमत आहे. त्यासाठी किती कापायचं यावर नाही. मूत्रमार्गाच्या टोकाशी असलेली छोटी गाठ अर्धवट मूत्रमार्ग काढून निघू शकते आणि लघवीवरचा ताबा टिकू शकतो. आत खोल असलेल्या गाठीसाठी पूर्ण मूत्रमार्ग, कधी मूत्राशय, स्त्रियांत योनीची पुढची भिंतही काढावी लागते आणि लघवी गोळा करणारी पिशवी पोटावर बाहेरून लावावी लागते.

अडचण अशी की हा मेलानोमा ओल्या कापडावर शाई पसरावी तसा अस्तरात कडेकडेने पसरतो. डोळ्यांना दिसणारी गाठ निघाली तरी कडेच्या अस्तरात एकट्यादुकट्या पेशी राहू शकतात, आणि त्याच जागी आजार परत येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दुसरीकडे, पुष्कळ रुग्ण त्या जागी नाही तर फुप्फुसात किंवा यकृतात आजार आल्यामुळे दगावतात, आणि मूत्राशय काढून तो धोका टळत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी पेट-सीटी आणि मेंदूचा एमआरआय होणं गरजेचं. दूर पसरलेला आजार असताना मोठं ऑपरेशन करून पोटावर पिशवी घेऊन घरी येणं हा रुग्णावर अन्याय आहे.

लिम्फ नोडचं म्हणाल तर, मूत्रमार्गाच्या बाहेरच्या भागातून लसिका जांघेकडे जाते, आतल्या भागातून ओटीपोटाकडे. कुठले नोड तपासायचे ते त्यावरून ठरतं.

इम्युनोथेरपीमुळे आकडे बदलले का?

बदलले, पण त्वचेच्या मेलानोमाइतके नाहीत. इम्युनोथेरपीच्या औषधांपैकी इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये आणि पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब यांना २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी पसरलेल्या मेलानोमात हातात जवळजवळ काही नव्हतं.

म्यूकोझल रुग्णांचा वेगळा हिशेब करणारं एक विश्लेषण २०१७ मध्ये आलं. एकट्या निवोलुमॅबने गाठी लक्षणीय आक्रसल्या असे रुग्ण म्यूकोझल गटात २३.३ टक्के, त्वचेच्या गटात ४०.९ टक्के. इपिलिमुमॅबची जोड दिल्यावर हेच प्रमाण ३७.१ आणि ६०.४ टक्के.

जास्त काळाचं चित्र चेकमेट-०६७ या चाचणीतून मिळतं. तिच्यातले ७९ रुग्ण म्यूकोझल मेलानोमाचे होते. पाच वर्षांनंतर दोन्ही औषधं मिळालेल्या गटातले ३६ टक्के हयात होते, एकटं निवोलुमॅब मिळालेल्यांतले १७ टक्के आणि एकटं इपिलिमुमॅब मिळालेल्यांतले ७ टक्के. चाचणीतल्या सगळ्या रुग्णांचे तेच आकडे ५२, ४४ आणि २६.

हे ३६ टक्के आणि वरचे जुने २५ टक्के शेजारी ठेवून ‘फक्त अकराचाच फरक’ असं म्हणण्याचा मोह होतो. तशी तुलना चालत नाही. जुन्या २५ टक्क्यांत जागेपुरता आजार असलेले, ऑपरेशन झालेले रुग्णही होते. चेकमेटमधले रुग्ण ऑपरेशनच्या पलीकडे गेलेले होते, ज्यांच्यासाठी पूर्वी काही महिन्यांची गोष्ट केली जायची. त्यांच्यातले एक तृतीयांशाहून जास्त पाच वर्षांनी हयात असणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र ७९ रुग्ण तीन गटांत विभागले की एका गटात जेमतेम पंचवीस-तीस जण येतात, आणि त्यातले मूत्रमार्गाचे किती हे वेगळं सांगितलेलं नाही.

दोन औषधं एकत्र घेणं वयस्क रुग्णाला झेपतं का?

नुसत्या वयावरून नकार देऊ नये, पण दुष्परिणाम गंभीर असतात. त्याच चाचणीत दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्या सुमारे ५९ टक्के रुग्णांना तीव्र दुष्परिणाम झाले. चेतलेली प्रतिकारशक्ती आतडं, यकृत, थायरॉइड, फुप्फुसं, पिट्युटरी ग्रंथी यांवर उलटू शकते. दिवसातून पाच-सहा जुलाब, नवा खोकला, न जाणारी डोकेदुखी, विलक्षण थकवा यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करावा. जुलाब थांबवायची गोळी घरीच घेऊन दोन दिवस काढणं धोक्याचं आहे.

केआयटी तपासणी कशासाठी?

म्यूकोझल मेलानोमाच्या काही रुग्णांत केआयटी या जनुकात बदल असतो आणि त्यातल्या काहींना इमॅटिनिबच्या गोळ्या लागू पडतात. परिणाम बहुतेकदा महिन्यांत मोजावा लागतो, तरी इम्युनोथेरपी थकल्यावर हातात आणखी एक उपाय राहतो. ब्लॉक उपलब्ध असतानाच केआयटी, बीआरएएफ आणि एनआरएएस या जनुकांची तपासणी एकत्र करून घ्यावी.

गाठ पूर्ण निघाली. तरी पुढे औषध घ्यायचं?

याचं उत्तर रुग्णागणिक बदलतं. म्यूकोझल मेलानोमाच्या १८९ ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर चीनमध्ये एक अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात मेडियन आयुष्य २१.२ महिने, इंटरफेरॉन (प्रतिकारशक्तीला चालना देणारं जुनं औषध) दिलेल्या गटात ४०.४ आणि टेमोझोलोमाइड-सिस्प्लॅटिन केमो दिलेल्या गटात ४८.७ महिने आढळलं. आज अनेक ठिकाणी त्याऐवजी इम्युनोथेरपी देतात, मुख्यतः त्वचेच्या मेलानोमातल्या अनुभवाच्या जोरावर. डॉक्टर ‘पुरावा कमी आहे पण देऊन बघू’ म्हणाले तर ते खरंच सांगताहेत.

रेडिएशन?

त्याच जागी आजार परत येण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं. आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. दुखणं, रक्तस्राव किंवा मेंदूतल्या गाठीसाठी मात्र उपयोगी.

उपचारानंतर कधी आणि काय तपासायचं?

पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन-चार महिन्यांनी. हाताने तपासणी, जांघेतले नोड चाचपणं, गरजेप्रमाणे दुर्बिणीतून मूत्रमार्ग-मूत्राशय बघणं, सीटी किंवा पेट-सीटी, मेंदूचा एमआरआय. रक्तातलं एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एक एन्झाइम) वाढलं तर डॉक्टर जास्त सावध होतात. पहिल्या दोन वर्षांतली एकही तारीख चुकवू नये. परतलेला आजार लहान असताना सापडला तर पुन्हा ऑपरेशनचा किंवा औषध बदलण्याचा पर्याय उरतो.

मुलाबाळांनी तपासून घ्यायला हवं का?

हा आजार घराण्यात चालत येणारा मानला जात नाही, त्यामुळे कुणी लक्षणं नसताना सिस्टोस्कोपी (दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी) करून घेऊ नये. घरात दोन-तीन जणांना त्वचेचा मेलानोमा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला असेल तर जनुक-सल्लागाराला भेटावं. एरवी लघवीत रक्त दिसलं तर तपासून घ्यावं, आणि हे तर घरात कुणाला मेलानोमा नसला तरी करायचंच असतं.